चाकूरहून मागे

माझी शेवटची पोस्टिंग दिल्लीच्या मूव्हमेंट ऑफिसात होती. रजेवर निघालेल्या जवानांना गाड्या आणि विमानं जुळवून द्यायची, हे काम. अंतरं तोंडपाठ होती. लेह ते दिल्ली सव्वा तास. दिल्ली ते नांदेड हजारेक किलोमीटर, दोन तास. मी नायगावचा, नांदेडच्या विमानाची वेळ झोपेतही सांगितली असती आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

एका मंगळवारी लेहहून शिपाई मिलिंदला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात आणलं. तो दरडीखाली सापडला होता. अहमदपूरजवळचा पोरगा, पूर्वी माझ्याच सेक्शनमधला. डॉक्टर मेजरसाहेब म्हणाले, "घरच्यांना बोलवा. लवकर."

घरी फक्त वडील. सुदामकाका मजुरी करायचे, विमानात कधी बसले नव्हते. बुधवारचं तिकीट मीच काढलं आणि फोनवर ऑर्डर दिल्यासारखं सांगितलं, "काका, सकाळी नऊला जीपनं निघा. विमानतळावर पोचा. गेटवर आमचा एक माजी सैनिक तिकीट घेऊन उभा राहील."

बुधवारी ०९:४० ला फोन केला.

"काका, कुठवर आलात?"

"चाकूर आलं बघा. लातूर आता लई लांब न्हाई."

चाकूर म्हणजे नांदेडच्या अगदी उलट दिशेला. चूक माझीच. माझ्यासाठी विमानतळ म्हणजे नांदेड. अहमदपूरच्या माणसाचं मोठं काम म्हणजे जिल्ह्याला, म्हणजे लातूरला. विमानतळ लातूरलाही आहे, पण तिथून प्रवासी विमान सुटत नव्हतं. नांदेडचं विमान १३:१० ला, काउंटर १२:१० ला बंद. पुढचं विमान थेट शुक्रवारी.

"ड्रायव्हरला फोन द्या."

"बोला साहेब."

"गाडी फिरव. अहमदपूर, लोहा, नांदेड. बारापर्यंत विमानतळ. कुठं थांबू नको."

"हाव साहेब. पोचिवतो."

१०:२० अहमदपूर. ११:१० लोहा. १२:०२ ला गेटवरून माजी सैनिकाचा फोन आला, "काका आत गेले." तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकलो.

१६:३० ला काका वॉर्डात होते. मिलिंद शुद्धीवर होता.

"आबा, कसं आलात?"

"इमानानं."

"किती टाइम लागला?"

"दोन तास."

"म्हंजी घर जवळच हाय की," मिलिंद म्हणाला आणि हसला. काका त्याचा हात धरून बसले.

गुरुवारी संध्याकाळी तो गेला. शुक्रवारच्या विमानाची वाट पाहिली असती, तर बापलेकांची भेट झाली नसती.

त्याच शुक्रवारी आम्ही त्याला घेऊन नांदेडला उतरलो. तेच दोन तास. मला रडू आवरलं नाही. म्हणालो, "काका, कुठला विमानतळ ते मी सांगितलंच नव्हतं." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पोचलो न्हवं का," एवढंच बोलले.

आता मी नायगावला असतो. दरवर्षी त्या तारखेला अहमदपूरची एसटी पकडतो. काका मिलिंदच्या फोटोसमोर मेणबत्ती लावतात आणि आलेल्या माणसांना माझी ओळख करून देतात, "ह्येंनी मला येळंवर नेलं." चाकूरचं नाव त्यांनी आजवर काढलेलं नाही.