एक जोडी उरली

२६ फेब्रुवारी २००६, रविवार, महाशिवरात्र. दिवसभरात दिलेल्या काठ्या दोनशे बारा, परत आलेल्या दोनशे बारा. संध्याकाळी सहा वाजता डोंगराच्या पायथ्याशी तंबूत हजर पाच जण: आमचे म्होरके वामनराव, कंपाउंडर सुधाकर, स्ट्रेचर उचलणारे दोघे आणि वही सांभाळणारा मी. इथपर्यंत सगळं जुळत होतं. पण चपलांची एक जोडी उरली होती.

सातपुड्यातल्या या महादेवाच्या यात्रेत आम्ही दरवर्षी एक दिवस सेवेला जातो. चढताना कोणाला चक्कर आली, कोणाचा पाय घसरला, तर त्याला सुखरूप खाली आणायचं, एवढंच आमचं काम. डोंगर अनवाणी चढायची रीत आहे. म्हणून म्हाताऱ्या माणसांना आम्ही पायथ्याशी वेळूची काठी देतो आणि त्यांच्या चपला ठेवून घेतो. उतरल्यावर काठी परत, चपला परत. चपला संपल्या की डोंगर रिकामा झाला असं समजायचं. ही पद्धत मीच बसवली होती. खरं सांगायचं तर मी सेवेला जाऊ लागलो ते पत्नीच्या नवसामुळे. माझा भरवसा देवापेक्षा वहीवर जास्त. त्या वर्षी तर मन अगदी कोरडं होतं. आमच्या सातांपैकी चांदूर रेल्वेकडचे दोघे आलेच नाहीत. दोनदा पेरूनही त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं, आणि देवापुढे उभं राहायची आता इच्छा होत नाही, असं त्यांनी कळवलं होतं. मी राजापेठेहून नेहमीसारखी वही घेऊन आलो आणि काठ्या वाटत बसलो.

उरलेली जोडी पुरुषाची होती, कातडी, कोरी. मी वहीतल्या ओळी तीनदा तपासल्या. प्रत्येक ओळीपुढे माझ्याच हातची परतीची खूण होती.

वामनराव म्हणाले, "कोनी तरी इसरून गेला असन. पाच मानसं, दिवसभराचा उपास. आता वर कोन जाते?"

सुधाकर हसला. "यायले चपला नाही, आकडा टोचून राहिला."

तो खोटं बोलत नव्हता. काठ्या पुऱ्या म्हणजे माणसं पुरी, हे मलाही पटत होतं. पण तसल्या नापिकीच्या वर्षात नवी चप्पल कोण विसरेल? मी शिट्टी आणि बॅटरी घेतली आणि निघालो. वामनराव खांद्यावर घोंगडी टाकून, दोन काठ्या घेऊन कुरकुरत मागून आले. त्यांच्या मागे सुधाकर, पट्ट्यांची पिशवी घेऊन. स्ट्रेचरवाले दोघे तंबूत थांबले.

अर्ध्या डोंगरापर्यंत दर वळणावर शिट्टी वाजवली. उत्तर नाही. जिथे गुरांची वाट पायऱ्यांपासून फुटते, तिथे मी थकून बसलो. आपण कशासाठी आलो, हेच मला सांगता येईना. तेव्हा मनात एवढंच आलं, की मला काही कळत नाही, तूच बघ. याला प्रार्थना म्हणावं की नाही, मला माहीत नाही. उठताना सवयीने आणखी एकदा शिट्टी फुंकली. खालून, गुरांच्या वाटेकडून, पत्रा दगडावर आपटल्यासारखा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

वाटेखालच्या घळीत एक म्हातारे गृहस्थ पडले होते. बार्शीटाकळीचे मुसलमान शेतकरी. महादेवाला वाहायची बोरं विकायला आले होते. सगळी बोरं आजूबाजूला सांडलेली. चार वाजता पाय घसरला, नडगी मोडून जखम उघडी पडली, ओरडून ओरडून आवाज बसला, म्हणून ते बोरं मोजायचं पत्र्याचं माप दगडावर आपटत होते. रात्रभर तसेच राहिले असते तर पाय गेला असता, कदाचित माणूसही, असं सुधाकर मला बाजूला घेऊन म्हणाला.

मी विचारलं, "चाचा, तंबूत चपला तुमच्याच ना?"

"कोनत्या चपला, भाऊ? मी तं गुराइच्या वाटेनं वर गेलतो. तुमचा तंबू पायलाच नाही." त्यांच्या पायात त्यांचेच जुने बूट होते, एकाचा तळ निघालेला.

मग त्यांनी विचारलं, "तुमाले कोनं सांगतलं मी इथं हाव म्हनून?"

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. दोन काठ्यांना घोंगडी बांधून आम्ही त्यांना खाली आणलं. वाटेत ते वेदना विसरायला बोलत राहिले. कपाशीची पराटी गेली, पण बांधावरच्या बोरींनी लाज राखली, आणि त्यांची बोरं महादेवालाच लागतात, म्हणून दरवर्षी यायचं. वामनराव वाटभर एकदाही कुरकुरले नाहीत.

चपलांना महिनाभर कोणी आलं नाही. तिथल्या पुजाऱ्याकडे निरोप ठेवला, दोनदा विचारून आलो. शेवटी जोडी घेऊन बार्शीटाकळीला गेलो. चाचा घ्यायला तयार होईनात. "दुसऱ्याची अमानत हाये, भाऊ. मी कशी घालू?" मी म्हणालो, ज्याची असेल तो आला तर मी त्याला नवी देईन. मग त्यांनी चांगल्या पायात एक घालून पाहिली. बोटभर मोठी होत होती.

घरी येऊन वहीत त्या जोडीची ओळ लिहायला बसलो. पत्नी म्हणाली, लिहून टाका महादेवाची. माझा हात झाला नाही. जे पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. पण नसेल असंही आता म्हणवत नाही. सगळं आपल्याला जुळवता आलंच पाहिजे, हा माझा हट्ट मात्र त्या गुरांच्या वाटेवर सुटला, आणि त्यासाठी मी रोज दिवा लावताना हात जोडतो. वहीत "कोणाची" या रकान्यात काही नाही. "कोणाला दिली" या रकान्यात चाचांचं नाव आहे. मी बार्शीटाकळीहून निघालो तेव्हा एक चप्पल त्यांच्या पायात होती, दुसरी खाटेखाली, प्लास्टर निघण्याची वाट पाहत.