नजूची वेगळी ताटली: दुबई-शारजातले बारा दिवस

नजूच्या अब्बांनी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती चाळीस दिवसांची होती. आता, १९६२ साली, ती साडेतीन वर्षांची झाली. ह्यांचं तिसरं पत्र आलं आणि मी जायचं ठरवलं. मुंबईहून बोटीनं दुबई, तिथे बारा दिवस, आणि परत. निघताना अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या, "नेतेस तशीच परत आण पोरीला."

तिसऱ्या दिवशी बोटीवर नजूचं पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळलेलं द्या, भात मऊ द्या, ताटली-चमचा वेगळा ठेवा. मी शाळेत गेलेली नाही. वडिलांनी घरीच पाटीवर शिकवलं, आणि सांगितलेलं जसंच्या तसं करायचं हा त्यांचा पहिला धडा. त्यामुळे नजूची जर्मन धातूची ताटली, चमचा आणि पाण्याचा थर्मास ह्या तीन वस्तू पुढे माझ्या हातातून सुटल्या नाहीत.

बोट दुबईला किनाऱ्याला लागत नाही. समुद्रात उभी राहते आणि शिडीवरून लाँचमध्ये उतरावं लागतं. लहान मूल असेल तर ओढणीनं पोटाशी घट्ट बांधा, खलाशाच्या हातात देऊ नका. मी दिलं नाही. खाली हे उभे होते. त्यांनी हात पुढे केले तर नजूनं माझ्या मानेत तोंड खुपसलं.

ह्यांची खोली दुबईच्या देरा भागात, चौघांत एक. म्हणून आमच्यासाठी एका ओळखीच्यांची खोली मागून घेतली होती. खजुराच्या झावळ्यांच्या भिंती, वर झावळ्यांचंच छप्पर. मालकाची अट एकच: आत विस्तव पेटवायचा नाही. ठिणगी पडली तर सगळी आळी जाईल. माझा स्टो ट्रंकेतच राहिला, आणि तीन वेळचं जेवण हॉटेलात आलं. मी जन्मात हॉटेलात जेवले नव्हते.

धक्क्याजवळ दाऊदभाईंची खाणावळ आहे. ते आमच्याच रत्नागिरीकडचे. पुढे हमाल आणि खलाशी बसतात, मागे पडदा लावून बायकापोरं घेऊन आलेल्यांसाठी एक बाक. दोघांचं जेवण दीड रुपयात होतं. इथेही रुपयेच चालतात, पण नोटा निराळ्या, मुंबईच्या बदलून घ्याव्या लागतात.

"भाभी, थर्मासात काय आणलंय?" दाऊदभाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"उकळलेलं पाणी. तुमच्याच चहावाल्याकडून भरून घेतलंय."

"म्हणजे माझंच पाणी माझ्याच दुकानात लपवून पिताय."

हे हसले. मला हसू आलं नाही. मी मऊ भात वेगळा मागितला, चमचा गरम पाण्यानं धुतला, प्रत्येक घास आधी स्वतः चाखला. नजूनं ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ह्यांनी घास पुढे केला, तर ती बाकाखाली गेली. तिच्या हातातलं चांदीचं कडं मनगटावर बसायचं, ते आता कोपरापर्यंत सरकत होतं. मी दिवसातून दहादा सरकवून बघायचे. अम्मींना काय सांगायचं, ह्याची वाक्यं मनात जुळवत होते.

सहाव्या दिवशी हे म्हणाले, "यल्ला, चल, शारजा बघून येऊ. हवा बदलली तर खाईल." लँडरोव्हरमध्ये आम्ही नऊ जण होतो. रस्ता असा नाहीच, वाळूतल्या चाकोऱ्या आहेत. भरतीचं पाणी चढलं की खारी जमीन चिखल होते, म्हणून सकाळीच निघा. आमची गाडी दोनदा रुतली. शारजात रोल्ला नावाचा मोठा वड आहे, त्याच्या सावलीत सगळा गाव बसलेला. जवळच एक खाणावळ होती. पुरुष पुढे, आणि बायका मागच्या अंगणात, मालकाच्याच घरात.

अंगणात मालकीण, उम्म सालिम, पाच मुलांना जेवू घालत होती. एकच मोठा थाळा, त्यात भात आणि वर भाजलेला मासा. मी कोपऱ्यात बसून नजूची ताटली मांडली, थर्मास उघडला. मान वर केली तर नजू शेजारी नव्हती. ती त्या पोरांमध्ये घुसून बसली होती, आणि उम्म सालिम काटे काढून बोटांनी दाबलेला घास तिच्या तोंडात घालत होती.

मी धावत जाऊन नजूचा हात ओढला. उम्म सालिमनं माझ्याकडे पाहिलं. तिला थोडं हिंदी येत होतं.

"बीमार?"

"पेट खराब था. डॉक्टर बोला, अलग."

तिनं कोपऱ्यातल्या ताटलीकडे पाहिलं. "रोज अकेला खाता?"

मी हो म्हणायला गेले आणि थांबले. घरी सात चुलतभावंडं एका थाळ्याभोवती बसतात. नजू जन्मापासून तिथेच जेवलेली. एकटीच्या पुढ्यात ताटली, आणि समोर तोंडाकडे बघत बसलेली आई, असं तिनं बोटीवर पहिल्यांदा पाहिलं. मी आठवडाभर भाताला आणि पाण्याला दोष देत होते.

मी हात सोडला. पण नजर हटवली नाही. घास मोजत बसले. अकरापर्यंत मोजले, पुढे चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट ठीक होतं. मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा नजू म्हणाली, "खलास, अम्मा." 'पुरे आता' अशा अर्थाचा हा शब्द ती शारजातल्या पोरांकडूनच शिकून आली होती. दुपारी मी दाऊदभाईंना एकच थाळा मागितला.

"आणि थर्मास, भाभी?"

"थर्मास आहे."

पडद्याआड आम्ही तिघं एका थाळ्यात जेवलो. ह्यांनी घास पुढे केला. नजूनं आधी घासाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि तोंड उघडलं. हे पुढे बराच वेळ स्वतः जेवायचं विसरले.

परतताना शिडी चढेपर्यंत ती त्यांच्याच कडेवर होती. घरी अम्मींनी आधी तिचं कडं सरकवून पाहिलं. थोडं सैल होतं. "नेलीस तशी नाही आणलीस," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. वेगळी ताटली तेवढी परत फडताळात ठेवली. थर्मास अजून हाताशी आहे, तो ठेवणार.

त्याच दुपारी थाळ्यावर सात चुलतभावंडांत आठवी म्हणून नजू बसली. तिनं बांगड्याचा काटा काढला, भातात घास दाबला आणि माझ्या तोंडात घातला, अगदी उम्म सालिमसारखा. मी गिळला. मग विचारलं, हात धुतला होतास का.

"नाही," नजू म्हणाली, आणि दुसरा घास दाबायला लागली.