सोडियमचं नाव बदलत नाही

शेवटचं काम आम्ही दोघांनी केलं ते शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांचं. सकाळची वेळ, पिंप्राळ्याच्या घराचा ओटा. मी उकिडवा बसून काचेवर पांढऱ्या रंगानं नावं काढत होतो आणि बायको शेजारी पाय पसरून मास्तरच्या चिठ्ठ्या वाचत होती. चिठ्ठीवर नाव नसायचंच. इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्या पायाशी बारका आकडा, एवढंच. नाव तिनं त्यातून काढायचं, मराठीत सांगायचं आणि मी ते बाटलीवर उतरवायचं.

एका बाटलीवर मी कॉपर सल्फाइड लिहिलं. ती म्हणाली, "ओ, पुसी टाका ते. सल्फेट शे."

"कोनी सांगं तुले?"

"येमा ऑक्सिजन बी शे ना. मंग शेपूट बदलस."

"मंग जाय, तुना मास्तरलेच बलाव."

ती हसली. रॉकेलची चिंधी माझ्या अंगावर टाकली आणि चूल पेटवायला आत गेली. मी पुसलं, सल्फेट लिहिलं. दुपारी जेवण झाल्यावर तिच्या छातीत कळ आली. डॉक्टर येईपर्यंत ती गेली. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवूनही आलो.

हे मास्तर प्रकरण सांगायला पाहिजे.

मी पाट्या रंगवणारा. जळगावात दुकानांच्या पाट्या, बैलगाड्यांचे नंबर, केळीवाल्यांची नावं, सगळं माझ्या हातचं. शाळा दुसरीपर्यंत. अक्षर वाचायला मला वेळ लागतो, पण काढायला नाही. पुढं ठेवाल तसं हुबेहूब काढीन. ती सातवी शिकलेली. लग्नात आमचे लोक म्हणाले होते, शिकलेली बायको डोक्यावर बसते. बसली नाही. पाट्यांवरची ऱ्हस्व-दीर्घं तीच बघायची. आमचं बरं चाललं होतं. मूलबाळ नाही, दोघंच.

मग धुळ्याकडचा हा मास्तर नव्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आला आणि आमची पुढची खोली त्यानं भाड्यानं घेतली. एकटा गडी, तिशीचा. मला नाना म्हणायचा, तिला अक्का. शाळेच्या बाटल्यांचं काम त्यानंच आणून दिलं. पहिल्या दिवशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवून म्हणाला, "नाना, नावं लिहून देत नाही. अक्कांना शिकवतो. सूत्रावरून नाव आपोआप येतं. हे बघा, एन ए म्हणजे सोडियम."

मी म्हणालो, "एन ए म्हणजे सोडियम? न पासून सोडियम कुठून आलं?"

"ते लॅटिनमधून आलं, नाना."

"मग तिकडंच रंगवून घ्या."

ती दोघं हसली. एकदमच. तेव्हापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

संध्याकाळी शाळेतून आला की तो दाराशी पाटी घेऊन बसायचा. ती समोर भाजी निवडायची. मी ओट्यावर ब्रश धुवायचो. एरवी धुवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ मी ब्रश धुतले. मला ऐकायचं नव्हतं आणि उठवतही नव्हतं.

"अक्का, आधी धातूचं नाव. ते जसंच्या तसं. मग दुसऱ्याचं घ्यायचं, त्याची शेपटी बदलायची. सोडियमला क्लोरीन मिळाला की सोडियम क्लोराइड. म्हणजे आपलं मीठ."

"म्हणजे बाईसारखंच झालं की," ती म्हणाली. "नवऱ्याचं नाव तेच राहतं. सासरी आली की तिचं बदलतं."

तो एवढा खूश झाला की त्यानं पाटी बाजूला ठेवली. "वा! हे उद्या वर्गात सांगतो." आणि मग विचारलं, "अक्का, तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

तिनं सांगितलं.

मी ब्रश हातात धरून तसाच बसलो. लग्नात माझ्या आईनं तिचं नाव बदललं होतं. जुनं मला ठाऊक होतं, पण ते या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. मी तर तिला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. आमच्याकडं कोण मारतं? "ऐकं का" म्हटलं की ती यायची. आणि हा कालचा पोरगा, तिनं एखादं सूत्र बरोबर ओळखलं की ते जुनं नाव घेऊन म्हणायचा, "शाब्बास!" तिचं तोंड असं फुलायचं की विचारू नका.

त्याच्याशी ती शहरी बोलायची, "आहे", "नाही" करून. माझ्याशी "शे". एकदा मी म्हणालोच, "मनासंगे बी शुद्ध बोलत जाय." तर म्हणाली, "तुमले समजाले नको का?"

त्याच्या पोटात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. तिच्याही नव्हतं. वाईट असतं तर बरं झालं असतं, त्याला मी हाकलून दिला असता. पण कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यासाठी माणसाला कोणत्या तोंडानं हाकलायचं? ऑक्सिजन एक असला की मोनो, दोन असले की डाय, तीन असले की ट्राय. ती हे ताटावर घेऊन आली. "भाकर मोनो देऊ का डाय?" मी तीन खाल्ल्या. ट्राय म्हटलं नाही. तिनं वाट बघितली, मला दिसलं. त्या घरात ते शब्द मास्तरचे होते, मी कशाला तोंडात घेऊ?

ती गेली त्या दिवशी तिरडीला खांदा द्यायला तो पुढं आला. मी नको म्हणणार होतो, पण माणसं कमी होती. वाटेत तो हुंदके देऊन रडला. तिचा भाऊ नशिराबादहून धावत आला आणि बहिणीचं माहेरचं नाव घेऊन ओरडला. मास्तरही मागोमाग तेच नाव घेऊन ओरडला. लोक त्यालाच धरत होते, पाठीवर हात फिरवत होते. मी कोरडा उभा. एकजण म्हणाला, "मास्तरले बिचाऱ्याले लई लागनं." मी त्याच्याकडं असं बघितलं की तो बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळ्यांनी मिळून राख सावडायला जायचं ठरलं होतं. मी उजाडताच उठून एकटा निघालो. मला ती कोणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. नाल्याकाठच्या स्मशानात पोचलो, राखेत हात घातला तर चटका बसला. राख आधी दूध-पाणी शिंपडून थंड करतात, हे मला काय माहीत नव्हतं? घाईत काहीच घेतलं नव्हतं. मग बोटं तोंडात घालून बसून राहिलो.

आठला माणसं आली. पुढं मास्तर. शेजारणींनी दुधाचा तांब्या त्याच्याच हातात दिलेला. मला बघून तो थबकला. "नाना, कधी आलात? हात काय झाला?" असं म्हणून राखेकडं वाकायला लागला.

मी उठलो आणि त्याच्या हातातून तांब्या घेतला.

"मागं उभं राहा, मास्तर."

तो मागं झाला. दूध मी एकट्यानं शिंपडलं. डोक्याकडून पायापर्यंत, सावकाश. तांब्या पालथा करून झटकला. त्याच्यासाठी थेंब ठेवला नाही.