गिझरमधले फुगवटे

परग्रहावर जीव असलाच तर तो आपल्याला हाक मारणार नाही. फार तर दगडावर खुणा ठेवून गेलेला असेल. त्या खुणा ओळखणं हे माझं काम. आमच्या प्रयोगशाळेत एक खोडसाळ प्रथा आहे. नमुन्यांच्या ट्रेमध्ये कुणीतरी एखादा निर्जीव तुकडा गुपचूप मिसळतो आणि आम्ही फसतो का ते बघतो.

त्या दुपारी मी फसलो. सूक्ष्मदर्शकाखाली पापुद्र्यासारखे थर दिसले, थरांना फुगवटे होते आणि सगळे फुगवटे एकाच बाजूला झुकले होते. उथळ पाण्यातले सूक्ष्मजीव उजेडाकडे असेच झुकत वाढतात. मी ठामपणे "जीव" म्हणालो. सहकारी हसत सुटला. तो आमच्याच राजाजीनगरच्या घरातल्या गिझरचा क्षार होता. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा प्लंबरने काढून टाकलेल्या कॉइलवरून त्याने तो खरवडून नेला होता.

बोअरच्या पाण्याने घरोघरी असा थर चढतो, त्यात नवल नाही. पण तो झुकला का? "प्रवाहामुळे असेल," सहकारी म्हणाला. असेलही. मला ते पटलं नाही, पण उजेडाकडे म्हणावं तर गिझरमध्ये मिट्ट काळोख असतो.

परवा नवी कॉइलही जळली. प्लंबर अण्णा ती बाहेर ओढायला लागले तेव्हा मी कानडी मिसळत म्हटलं, "स्वल्प थांबा, जरासं, फिरवू नका." तिच्यावर कोवळा पांढरा थर होता. त्याचे फुगवटेही एकाच बाजूला झुकले होते, आम्ही रोज आंघोळीला उभे राहतो त्या बाजूला.