अनंताची थांबणारी गाडी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. पावसाळ्यात कौलांवर शेवाळ धरतं तसे ते आपोआप धरतात. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दोघं चहाला बसले, की तिसरा येईपर्यंत अनंताच्या गाडीचा विषय निघालेला असायचा!

अनंता आमचा चित्रकलेचा मास्तर. राहायला खर्डीच्या पुढे, आतल्या गावात. हायवे रुंद झाला, त्यात त्याच्या शेताची एक पट्टी गेली आणि दारात सात सीटर डिझेल गाडी आली. चांगली उंच, ढगाच्या रंगाची. कंपनीचं नाव मी घेत नाही. अनंतासुद्धा घ्यायचा नाही. नुसतं 'ती' म्हणायचा.

*

पूजेला आम्ही सगळे गेलो होतो. अनंताच्या बायकोने, सुमनवहिनींनी, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. अनंताने चावी फिरवली.

टिक.

पुन्हा फिरवली. पुन्हा टिक!

शोरूमला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "सर, गाडी नवीन आहे ना, सेट व्हायला टाइम लागतो."

ऊन चढलं. पाव्हणे पेढे खाऊन आपापल्या घरी गेले. आम्ही चौघं ओट्यावर बसून गाडीकडे बघत राहिलो. शेवटी वहिनींनी चाकांखालची चारी लिंबं उचलली, धुतली आणि सरबत करून आणलं.

"घ्या, गाडीचा प्रसाद!"

*

मग आवाज सुरू झाला. मागून कुठून तरी टक... टक... टक. अनंता कल्याणच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला की आवाज गप! टाय लावलेला एक तरुण शेजारी बसून ट्रायल घ्यायचा आणि म्हणायचा, "सर, कुठे आहे आवाज? तुम्हाला भास होत असेल."

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला अनंताने घरचा टेपरेकॉर्डर मागच्या सीटवर ठेवला, खर्डी ते शहापूर अख्खी कॅसेट भरली आणि टायवाल्याच्या टेबलावर नेऊन लावली.

आधी टक टक आली. मग अनंताचं गुणगुणणं. मग काचेवर पाऊस. मग वहिनींचा आवाज, "अवो, ते बगळे बघा! सगळा मळा पांढरा झालाय!" मग बराच वेळ नुसता पाऊस, आणि टक... टक...

टायवाल्याने एक बाजू पूर्ण ऐकली. मग हळूच विचारलं, "सर, हा रस्ता कुठला?"

आवाजाचं कारण शेवटपर्यंत सापडलं नाही. पण पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन बगळे बघायला आला. स्वतःच्या मोटारसायकलवर!

*

पुढे एकदा रिव्हर्स पडेना. मुरबाडचा हनिफमिस्त्री गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "पार्ट कंपनीसे आएगा. मास्टर, आगे तो जाती है ना? फिर पीछे का क्या टेन्शन!"

महिनाभर अनंता मागे न येता जगला. कुठे वळायचं, कुठे लावायची, सगळं आधी मनात चित्र काढून ठरवायचा. तरी एका दुपारी धाकट्या बहिणीकडे गेला आणि बोलता बोलता गाडी थेट तिच्या अंगणात घातली. समोर गोठा, बाजूला विहीर. मेव्हणा म्हणाला, "सकाळी चार माणसं आणतो, ढकलू."

सकाळी माणसं भाताच्या लावणीला गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. अनंता दोन दिवस तिथेच. नाचणीची भाकरी खाल्ली, भाच्यांना मोर काढून दिले, बहिणीशी लहानपणचं सगळं बोलून झालं. तिसऱ्या दिवशी गाडी ढकलून रस्त्यावर काढली तेव्हा बहीण म्हणाली, "दादा कधी वस्तीला ऱ्हात नाय. त्या पार्टवाल्याचं भलं होवो गो बाई!"

*

माळशेजची ट्रिप तर मी स्वतः भोगली आहे. भर श्रावण. गाडीत आम्ही सात मास्तर. मुरबाड सोडलं आणि डावीकडची काच खाली गेली ती वर येईना. बटण दाबलं की नुसतं घुं घुं.

घाटात एका वळणावर अख्खा ढग आत शिरला. खरं सांगतो! डॅशबोर्ड दिसेना, शेजारचा दिसेना. अनंताने गाडी कडेला घेतली. कुठे तरी धबधबा कोसळत होता, तेवढाच आवाज. चष्म्यांवर, मिशांवर बारीक थेंब. किती वेळ गेला कळलं नाही.

मग मागच्या सीटवरून आमचे गणिताचे सर, जे वर्षभरात कधी हसले नव्हते, अगदी हळू म्हणाले,

"अनंता, ह्यांना कुठे उतरायचंय विचार रे."

*

अनंताचे वडील, नाना, त्या गाडीत कधी बसत नसत. "बैल अडला तर कळतं का अडला. हिचं काय कळतंय?" म्हणायचे. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचे. ठाण्याच्या डॉक्टरांनी फार दिवसांनी ऑपरेशनची तारीख दिली. संध्याकाळी पाचच्या आत भरती व्हायचं होतं. सोबत म्हणून मी गेलो.

हायवेवर ट्रक आडवा झाला होता, म्हणून अनंताने धरणाच्या कडेकडेचा आतला रस्ता धरला. वैशाखाचे दिवस, पाणी खूप आत गेलेलं. एका उतारावर गाडी बंद पडली.

अनंताने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "आज नको गं... आज तरी नको."

नाना दार उघडून खाली उतरले. मी हात धरायला गेलो, तर त्यांनी सोडवला. भेगाळलेल्या गाळावरून ते सरळ चालत निघाले, न चाचपडता. अनंताने उघडायला घेतलेलं बॉनेट तसंच टाकलं. आम्ही दोघं मागे धावलो. धरणात बुडालेलं त्यांचं जुनं गाव इथेच होतं, अनंताच्या जन्माआधीचं.

"हितं खळं," नाना म्हणाले. "हितं चिंच. आन् हितं तुजी आय मला पयल्यांदा बोलली."

"काय बोलली?" अनंताने विचारलं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"तुमी लय घोरता म्हनली."

आम्ही हसलो. नाना हसले नाहीत. पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. वारा पडला होता.

परत येऊन अनंताने भीत भीत चावी फिरवली. एका झटक्यात चालू! साडेतीन वाजले होते. नाना मागे बसले. मी त्यांचं दार लावायला हात घातला.

"थांब रे," नाना म्हणाले. "येतेय ती."

अनंताने आरशातून मागे बघितलं, मग माझ्याकडे. मी दार तसंच ठेवून पुढे येऊन बसलो. इंजिन चालू, दार उघडं, आम्ही दोघं समोर बघत बसून राहिलो.

थोड्या वेळाने नाना पलीकडच्या खिडकीकडे सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा केली.

"हां. आता चल."