डाव्या हाताची थाप

शकु सिस्टरला गप्प बसणारा पेशंट आवडत नाही. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात केमोच्या खोलीत तिची अकरा वर्षं गेली, पण कुरकुर करणाऱ्यांची तिला कधी भीती वाटली नाही. केमोचं औषध शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं, आणि ते सगळ्यात आधी कळतं पेशंटला. म्हणून ती प्रत्येकाला दम भरते, की जरा चुरचुरलं, दुखलं, लगेच हाक मारायची.

धोंडूकाका मात्र सहन करण्यातले वस्ताद. मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं गिरणीत काढलेली, आणि नाहूरच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाजावर तेच. गणपतीत दुसऱ्या मंडळाशी डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, ठरली होती आणि केमोपेक्षा त्यांना तिचीच काळजी जास्त. शकुने मनगट टाळून डाव्या हातावर जरा वर सुई लावली, रक्त नीट मागे येतंय ना ते पाहिलं आणि हात उघडा, स्थिर ठेवायला बजावलं. उजव्या हाताने खुर्चीवर ठेका धरायची तेवढी परवानगी दिली.

तिची पाठ वळली आणि एसीची थंडी वाजते म्हणून विमलाकाकूंनी नवऱ्यावर शाल टाकली. शालीखाली डावा हातही हळूच सामील झाला. शेजारी सलाईन बदलताना शकुला दोन्ही थापा ऐकू आल्या. तिचे वडील भीमगीतांच्या गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे, त्यामुळे कान तयार. ती ओरडायला वळणार, तोच डावी थाप बंद पडली. उजवी चालूच होती.

ती धावलीच. शाल काढली तर सुईजवळ सूज. काका शांतपणे म्हणाले, "मघापासून जळजळता. औषध लागू पडता असा वाटला, म्हणान गप ऱ्हवलंय."

शकुने आधी औषध बंद केलं. सुई मात्र लगेच काढली नाही. तिच्यातूनच सिरिंजने झिरपलेलं जमेल तेवढं मागे ओढलं, मग सुई काढली, सुजेच्या कडेने पेनाने रेघ मारली आणि डॉक्टरांना बोलावलं. काकू हात चोळायला सरसावल्या, गरम पाण्याची पिशवी आणू का विचारू लागल्या. शकुने त्यांना अडवलं. चोळायचं नाही, आणि या औषधाला गरम शेक तर मुळीच नाही. थंड शेक, हात उशीवर उंच आणि घरून रोज तिच्या मोबाइलवर हाताचा एक फोटो.

तेव्हा कुठे काका घाबरले. "पखवाज वाजवूक गावतला मा?"

शकु खोटं बोलली नाही. "लवकर थांबवलंय, काका. बघू."

रोज सकाळी चहाआधी ती फोटो बघायची. लाली रेघेबाहेर गेली नाही, दहाव्या दिवशी रेघेच्या आतही उरली नाही.

तीन आठवड्यांनी काका पुन्हा आले. आता सुई उजव्या हातावर, आणि वाजवायची पाळी डाव्याची. ठेका रंगात आला आणि मध्येच तुटला. शकु तीन ढांगांत खुर्चीजवळ. काका गालात हसत होते.

"काय नाय. बघत होतंय, तुमचो कान जागो आसा काय."

शकुने त्यांना यथेच्छ झापलं. यापुढे मुंगी चावली तरी सांगेन असं वचन घेतलं आणि दुसऱ्या पेशंटकडे वळली. मागे डावी थाप पुन्हा सुरू झाली, चांगली घुमारदार. तिला वडिलांची फार आठवण आली, आणि खूप बरं वाटलं.