फळीवरचा पालथा हात

काका आधी पालथा हात ठेवायचे. आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो ना, तसा. प्लायच्या फळीवर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थंड हाय. अजून पानी हाय पोटात." फळी थंड लागली नाही तरच रेझिनचा डबा उघडायचा. तोवर बसून राहायचं. एवढा निवांत कारागीर तुम्हीही पाहिला नसेल.

मानपाड्याला आमचं बैठं घर आहे. त्याच्या मागे एक खोली वाढवली, तिच्यावर फायबरचं छत टाकायला ते आलेले. मागची भिंत जुनी, तिला स्लॅबचं वजन झेपलं नसतं. काका खाडीकाठचे कोळी. अख्खी हयात होड्यांना फायबर लावण्यात गेलेली; खाडीत मासळी राहिली नाही तेव्हा छतांकडे वळले. मला म्हणाले, "सपाट छत म्हंजे पालथी होडीच, भाऊ. तिथं पानी खालनं येतं, हितं वरनं."

खोली बाबांसाठी होती. बाबांची फुप्फुसं गेलेली, महिनाभर हॉस्पिटलात होते. पुढच्या दोन खोल्यांत खाट आणि ऑक्सिजनचं मशीन मावत नव्हतं. मी भेटायला गेलो की पहिला प्रश्न, "खोली झाली का रे?" कसा आहेस, जेवलास का, काही नाही. खोली झाली का. डॉक्टर म्हणाले होते, बुधवारी न्या.

शनिवारी फळ्या ठोकून झाल्या. आई खालून नारळ घेऊन हजर. "नवं काम आहे, नारळ नको? मधोमध फोड." मी वर चढून फोडला. तांब्यातलं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. काका हात जोडून उभे. नारळाला कोळी माणूस नाही कसा म्हणणार? सगळं झाल्यावर वाकले, पालथा हात ठेवला.

"थंड हाय. सोमवारी टाकू."

"अहो काका, वाटीभर पाणी! पूर आलाय का? बुधवारी बाबांना आणायचंय. वास जायला चार दिवस लागतात असं तुम्हीच म्हणालात ना?"

"घाय नको, भाऊ."

"जमत नसेल तर तसं सांगा. मी दुसरा बघतो."

हो, असं म्हणालो मी. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला. काकांनी फायबरची चटई अंथरली, वरून रेझिन ओतलं आणि रोलर फिरवायला लागले.

रविवारी छत कडक झालं. काकांनी पन्हळीच्या तोंडात चिंधी कोंबली, पाइपने वर चार बोटं पाणी भरलं आणि खाली खोलीत जाऊन फरशीवर जेवणाचा डबा उघडून बसले. संध्याकाळपर्यंत. त्यांच्याकडची रीतच तशी. होडी ज्याने जोडली त्याने पहिल्यांदा तिच्यात बसायचं. बुडाली तर त्याच्यासकट बुडू दे. थेंब पडला नाही. मी मनात म्हटलं, बघा, उगाच घाबरवत होते.

मंगळवारी कडक ऊन पडलं आणि छताच्या मधोमध फुगा आला. जेवणाच्या ताटाएवढा, बरोब्बर नारळ फोडला तिथे. काका आले, बघून म्हणाले, "चूक माजी. हात सांगत व्हता, मी तोंडाचं आयकलं."

तोंड माझं होतं. पण तेवढं ते बोलले नाहीत.

पावसाळा तोंडावर आलेला, फुगा तसाच ठेवून चालणार नव्हतं. तेवढा भाग कापून, वाळवून, पुन्हा चटई टाकली. घरभर रेझिनचा उग्र वास. डॉक्टरांनी साफ सांगितलं, या वासात पेशंट नेऊ नका, सोमवारी बघू. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे नाही झाली."

रविवारी पहाटे बाबा हॉस्पिटलातच गेले.

गणित सोपं आहे. काकांचं ऐकून सोमवारी काम केलं असतं तर शुक्रवारी वास गेला असता. दोन दिवस. बाबांना त्या खोलीत दोन दिवस मिळाले असते. हे मी आईला कधी बोललो नाही. मला रडूही आलं नाही. लोक म्हणाले, मुलगा घट्ट आहे. घट्ट कसला, बधिर झालेलो.

तिसऱ्या दिवशी काका आले. वर पाणी भरलं, खोलीत येऊन बसले. खाट रिकामीच होती, तरी ते फरशीवर. मी दारात उभा. मग एकदम म्हणाले, "खोली बंद ठेवू नका. होडी वापरली नाय का सुकून फाटते."

मी खोलीला कुलूप लावलं.

तरी दरवर्षी पावसाआधी ते यायचे. न बोलावता. "चावी द्या, भाऊ." पाणी भरायचे, दिवसभर खाली बसायचे, आईच्या हातचा चहा प्यायचे आणि जायचे. मी कधी त्यांच्याबरोबर आत बसलो नाही. ऑफिसला जायचो, वागळे इस्टेटला. त्या दिवशी रजा काय, हाफ डेसुद्धा घेतला नाही कधी.

यंदा आले नाहीत. आभाळ भरायला लागलं तसं आई रोज विचारायला लागली. शेवटी फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला.

"बाबा गेले चैत्रात," ती म्हणाली.

बाबा. मी फोन ठेवला आणि खोलीची चावी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. कुलूप काढलं. शिडी लावून वर गेलो, पन्हळीत चिंधी कोंबली, चार बोटं पाणी भरलं. खाली येऊन फरशीवर बसलो. घाई माझी होती, तेव्हा बसायचंही मीच. दुपारी खाटेवर चढून छताच्या फळीला पालथा हात लावला आणि डोळे मिटले.

आई दारात आली. "थंड आहे का रे?"

"नाही."

"मग झाली खोली," ती म्हणाली, आणि आत येऊन बाबांच्या खाटेवर बसली.